सोजरबाईचा जबाब

"सवाल: बच्ची को लेकर बावडी में कूदनेवाली थी? जवाब: कूदूंगी, जरा ठहर."

कोर्टाच्या मुन्शींनी वाचून दाखवले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. खाली माझी सही हवी होती, कारण जबाबाचा उर्दू तर्जुमा मी केला होता. डॉक्टरसाहेबांनी टाक शाईत बुडवला होता. माझ्यानंतर त्यांची सही, की काम संपले. दुसऱ्या दिवशी अकराला पोलिसांची गाडी जालन्याला जाणार होती. तिथून रेल्वेने हैदराबाद, आणि हैदराबादेत पागलखाना. आमच्या दवाखान्यातून तिकडे गेलेले कोणी परत आल्याचे मी ऐकले नव्हते.

मी सही केली नाही. म्हटले, "थांबा."

ते शब्द माझेच होते. तासाभरापूर्वी मीच ते मोठ्याने उर्दूत बोलले होते. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि तरी जबाब चुकीचा होता.

हे कसे झाले ते सांगायचे तर आधी आमची पद्धत सांगितली पाहिजे. मी बीडच्या सरकारी दवाखान्यात नर्स. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात, म्हणून कोर्टाचे आणि दवाखान्याचे कागद उर्दूत. जनाना वॉर्ड माझ्याकडे. तिथे येणाऱ्या बऱ्याच बायका गोषातल्या. गोषा म्हणजे परक्या पुरुषाने तोंड पाहायचे नाही, आणि मोठ्या घरात तर आवाजही ऐकायचा नाही. म्हणून वॉर्डात जाड पडदा. पडद्यापलीकडे डॉक्टरसाहेब, अलीकडे पेशंट आणि मी. साहेब उर्दूत विचारणार, मी ते मराठीत बाईच्या कानाशी सांगणार, बाई पुटपुटणार, आणि ते मी उर्दूत मोठ्याने पलीकडे पोचवणार. "कुठे दुखते?" "बेंबीखाली." "कधीपासून?" "अमावास्येपासून." अशी कित्येक वर्षे गेली. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही आणि एक गाळायचा नाही, याचा मला अभिमान होता.

सोजरबाई तलवाड्याच्या देशमुखांची सून. वय बावीस. नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेला. मुलगी एक, तीन वर्षांची, ठकू. सोजरबाई एकटीच बोलते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मग एका दुपारी मळ्यातल्या मोटकऱ्याने तिला विहिरीच्या काठावर बसलेली पाहिले. मुलीला तिने वासरासारखे बाभळीला बांधले होते आणि तोंडाने म्हणत होती, "घालीन उडी, जरा थांब." मोटकरी घाबरून वाड्यावर पळाला. तिच्या दिराने, आबारावांनी, मुन्सफ कोर्टात अर्ज केला की भावजयीचे डोके फिरले आहे, मूल आमच्या ताब्यात द्यावे आणि बाईला पागलखान्यात पाठवावे. कोर्टाने तिला आठ दिवस ऑब्झर्वेशनसाठी आमच्याकडे धाडले. म्हणजे वॉर्डात ठेवायचे, ती काय करते ते रजिस्टरात लिहायचे, शेवटी डॉक्टरने विचारपूस करून सर्टिफिकेट द्यायचे. मूल तेवढे दिवस तलवाड्यालाच. सोजरबाई मला रोज सकाळी एकच विचारायची, ठकू जेवली असंल का. मी रोज एकच सांगायची, जेवली असेल.

आठव्या दिवशी पडदा लागला. कोर्टाचे मुन्शी कागद घेऊन साहेबांशेजारी बसले. पहिले काही प्रश्न सरळ गेले. मग विहिरीचा प्रश्न आला. मी तो सांगितला. सोजरबाई पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "न्हाई वो." आणि लगेच मान डाव्या खांद्याकडे वळवून, हलक्या आवाजात, "घालीन, जरा थांब."

मी दोन्ही पोचवले. आधी "नहीं", मग "कूदूंगी, जरा ठहर". मुन्शींना वाटले बाईने जबाब फिरवला. त्यांनी पहिला खोडला आणि दुसरा लिहिला. कोर्टात शेवटचा जबाब धरतात.

मान वळलेली मी पाहिली होती. पडद्याच्या त्या बाजूने दुसऱ्या कोणाला ती दिसणे शक्यच नव्हते. पण मान वळणे हा काही शब्द नव्हे, आणि मी फक्त शब्द पोचवत होते.

"सिस्टर," साहेबांनी विचारले, "उसने ये कहा या नहीं कहा?"

"कहा. लेकिन आपसे नहीं कहा."

"तो किससे कहा?"

आठ दिवस ती माझ्या वॉर्डात होती आणि मी तिला हे विचारले नव्हते. रजिस्टरात मात्र रोज लिहिले होते: पेशंट स्वतःशी बोलते. मी साहेबांकडे उद्या सकाळपर्यंत वेळ मागितला. साहेब हैदराबादचे, शांत माणूस, कामाखाली दबलेला. त्यांनी टाक पुसून ठेवला. म्हणाले, उद्या दहाला पुन्हा बसू, त्याहून उशीर नको.

बाहेर व्हरांड्यात आबाराव होते. सही अडल्याचे मुन्शींकडून त्यांना कळले होतेच.

"नर्सबाई, तुमाला बी दिसाया लागलं वाटतं तिच्या खांद्यावर कोण बसलंय ते?"

मी म्हटले, मला काही दिसत नाही, म्हणूनच विचारणार आहे.

ते हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या भावाची एकच निशाणी हाय ती. पोरीला काय झालं तर तुमी भरून देणार का?" मी या माणसाला वाईट म्हणणार नाही. त्यांची भीती खरी होती.

दुपारी मी बँडेजच्या पट्ट्यांची टोपली घेऊन सोजरबाईच्या कॉटवर जाऊन बसले. हाताला काम असले की बायका बोलतात. एक पट्टी तिच्या हातात दिली. ती गुंडाळू लागली. तिच्या मनगटावर भाजल्याचा जुना वण होता.

मी सरळ विचारले, तुला कोणाचे बोलणे ऐकू येते?

तिने हात थांबवले. "तुमी बी धुरी देनार का?"

सासूने तिला देवऋष्याकडे नेले होते. तिथे मिरच्यांची धुरी दिली, निखाऱ्यावर हात धरला. मी म्हटले, आमच्याकडे धुरी नाही, क्विनाइन आहे, ते पुरेसे कडू असते. तिला हे पटले असावे. ती पुन्हा गुंडाळू लागली.

मग मी तिला तसेच विचारत गेले जसे तापाच्या पेशंटला विचारते. कधीपासून? किती जण? बाई की पुरुष? कोणत्या कानाने? केव्हा वाढते, कशाने उतरते? मला दुसरी कुठली पद्धत येत नव्हती.

दोघे होते. एक तिची आतू. सोजरबाईची आई बाळंतपणात गेली. नेकनूरला आत्यानेच तिला वाढवले. आत्या सोजरबाईच्या लग्नाआधी वारली, पण बोलायची थांबली नाही. ऊठ, पाणी पी, पोरीच्या अंगावर पांघरूण घाल, इतकेच बोलते. ती उजवीकडून. तिची भीती कधी वाटली नाही.

दुसरा पुरुष. डावीकडून. नवरा गेल्यावर आला. त्याला नाव नाही. सोजरबाई त्याला नुसते "त्यो" म्हणायची. तो म्हणतो, जा, विहिरीत उडी घाल.

"मग तू घालीन म्हणतेस कशाला?" मी विचारले. "नाही म्हणावे."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी नव्या दाईकडे पाहते.

"न्हाई म्हनलं की चढतो, बाई. दिसभर कल्ला. जेवू देत न्हाई, पोरीचं रडनं ऐकू देत न्हाई. घालीन, जरा थांब म्हनलं की बसतो गप. दोन सालं झाली, मी त्याला थांबवूनच ठिवलाय."

मी पट्टी गुंडाळत राहिले. दोन वर्षे ती हे काम एकटीने करत होती, कोणी न शिकवता, आणि त्या कामाचाच पुरावा करून आम्ही तिला हैदराबादला पाठवत होतो.

सासू म्हणाली हडळ आहे. दर्ग्याच्या मुजावरांनी सांगितले की हे काही जिन्नाचे काम नाही, ताईत बांधला आणि पोटभर जेवायला सांगितले. सर्वांत त्यांचाच सल्ला कामाचा होता. डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकात हा मेंदूचा विकार. मी तिला विचारले, तुला काय वाटते?

तिने गुंडाळलेली पट्टी टोपलीत ठेवली.

"आतू माझी हाय. मेली तरी माझीच. त्यो माझा न्हाई. मालक गेले तवा मला रडू आलं न्हाई. समद्या गावानं बोल लावला, नवरा खाऊन बसली म्हनले. बोलून बोलून लोक गेले घरी. त्यो ऱ्हायला."

"हे कोणाला सांगितले नाहीस?"

"इचारलं कुनी? समदे त्यालाच इचारायचे. तू कोन, कुठला, कावून आलास. मला कुनी इचारलं न्हाई."

मला माझे वडील आठवले. ते शेतात काम करताना त्यांना कोणी नाव घेऊन हाक मारली. मागे पाहिले तर कोणी नाही. ती देवाची हाक असे त्यांनी मानले, मिशनमध्ये गेले आणि पुढची तीस वर्षे गावोगाव उपदेश केला. त्यांना कोणी ऑब्झर्वेशनला ठेवले नाही. उलट लोक उठून खुर्ची द्यायचे. ती हाक खरी की खोटी, यावर मी कधी विचार केला नव्हता आणि तेव्हाही केला नाही. काम पडले होते.

एक गोष्ट मात्र तपासण्यासारखी होती. विहिरीवर का जायचीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, मोटेचे चाक कुरकुरते, त्यात त्याचे बोलणे बुडून जाते. चाक बंद पडले की तो पुन्हा सुरू होतो, आणि मोटकऱ्याने ऐकले ते बैल सोडल्यानंतरचे. मी माझे रजिस्टर काढले. आठही दिवस सकाळी आठ ते दहा मी लिहिले होते: शांत. मी समजत होते की हा सकाळच्या औषधाचा गुण. पण आठ ते दहा भिंतीपलीकडे आमचे कंपाउंडर लोखंडी खलात पुड्यांची औषधे कुटतात.

मी उठून त्यांच्याकडे गेले आणि आत्ता खल कुटा म्हटले.

"बाई, आजचं कुटून झालं."

"मग रिकामा कुटा."

ते रिकामा खल कुटत राहिले आणि माझ्या नावाने काहीतरी पुटपुटत राहिले. मी घड्याळ लावून सोजरबाईपाशी बसले. पाऊण तास तिची मान एकदाही डावीकडे वळली नाही. खल थांबला आणि थोड्याच वेळात वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आधीच मी साहेबांना हे सगळे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि मग जे विचारले ते मला आजही बरोबर वाटते.

"और सिस्टर, अगर किसी दिन वो कूद गई तो?"

मी म्हटले, तसे होणार नाही हे मी लिहून देऊ शकत नाही. पण कालचा जबाब तिचा नाही एवढे लिहून देते. साहेब म्हणाले, फिर से पूछेंगे.

या वेळी मी पद्धत बदलली. सोजरबाईला सांगितले, साहेबांना उत्तर देशील तेव्हा उजवा हात पडद्याला लाव, पडदा हलला पाहिजे. त्याला उत्तर देशील तेव्हा हात मांडीवर. आणि मी प्रत्येक उत्तराआधी सांगणार, "आपको" किंवा "उसको". मुन्शींना कागदावर मधोमध रेघ मारायला सांगितली, तेव्हा त्यांनी टाक खाली ठेवला. कोर्टाच्या कागदात असे दोन खाने नसतात, असे त्यांचे म्हणणे.

"लकीर खींचो," साहेब म्हणाले.

"साहब, दूसरे खाने का नाम क्या लिखूं?"

साहेब म्हणाले, "लिखो, दूसरी आवाज."

जबाब सुरू झाला. मधूनमधून तिची मान वळत होती, मी "उसको" म्हणत होते, आणि मुन्शी दुसऱ्या खान्यात लिहीत होते. ठहर. ठहर. जरा ठहर. त्या खान्यात दुसरे काहीच जमत नव्हते. मग विहिरीचा प्रश्न आला. पडदा हलला. "आपको: नहीं." मग पडदा स्थिर. "उसको: कूदूंगी, जरा ठहर." दोन्ही जबाब एकाच ओळीत, रेघेच्या दोन बाजूंना.

तिथे संपायला हरकत नव्हती. पण साहेबांनी कागदात नसलेला प्रश्न विचारला. म्हणाले, तिला सांगा हे मी विचारतो आहे. एखाद्या दिवशी त्याने थांबायचे नाकारले तर काय करशील?

मी सांगितले. सोजरबाईचा हात पडद्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. पडदा हलला नाही. पलीकडे टाक थांबला होता. मला वाटले, आता काही खरे नाही. तिला मी शिकवू शकले असते, पण शिकवले नव्हते, आणि हा प्रश्न येईल हे मला ठाऊकही नव्हते.

मग पडदा हलला.

"मंग ठकूला झाडाला बांधून ठिवते आन् मोटकऱ्याला म्हनते, हाक मोट."

मी ते उर्दूत सांगितले. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. साहेबांनी मुन्शींच्या मिसलीतून, म्हणजे खटल्याच्या कागदांतून, मोटकऱ्याचे बयान काढायला लावले आणि वाचायला सांगितले. मुन्शींनी वाचले, लडकी झाड को बंधी हुई थी. आमच्यापैकी प्रत्येकाने ते आधी वाचले किंवा ऐकले होते. आबारावांनी ते तिच्या वेडाचा पुरावा म्हणून दिले होते, आणि आम्ही तसेच घेतले होते. मुलीला घेऊन उडी मारायची असलेली बाई मुलीला झाडाला कशाला बांधेल, हे कोणाच्या मनात आले नव्हते.

साहेबांनी रिपोर्ट स्वतः लिहिला. बाईला आवाज ऐकू येतात. ते आवाज आणि माणसांचे बोलणे यातला फरक तिला कळतो. मुलीला धोका दिसत नाही. पागलखान्याची गरज नाही, देखरेखीची आहे. दर महिन्याला दवाखान्यात दाखवावे. सही करताना मला म्हणाले की त्यांना अजून पूर्ण खात्री नाही. मलाही नव्हती. अकराची गाडी सोजरबाईला न घेता गेली.

कोर्टाने मुलगी आईकडे दिली आणि दोघींना नेकनूरला सोजरबाईच्या वडिलांच्या हवाली केले. वडील बैलगाडी घेऊन आले. निघताना मी त्यांना सांगितले, तिच्या खोलीत एक जाते बसवा. त्याची घरघर तिला उपयोगी पडेल, आणि रोज सकाळी दळू द्या.

आबाराव तिथेच उभे होते. ठकूला ते स्वतः घेऊन आले होते आणि ती त्यांच्या कडेवर होती. म्हणाले, "देशमुखाची सून मोलकरनीवाणी दळनार? त्यापरीस हैदराबाद बरं होतं."

म्हातारा खाली पाहत जू नीट करत होता. "माझी लेक हाय," तो म्हणाला. "दळंल." आणि हात पुढे केले. आबारावांनी मुलीला सोडायला वेळ लावला, पण सोडले.

त्यानंतर सोजरबाई दर महिन्याला येत राहिली. आधी ठकूला कडेवर घेऊन, पुढे ठकू चालत. हाताला दळणाचे घट्टे पडले होते. तिच्या महिन्याच्या कागदात दुसरा खाना राहिला, आणि काही महिन्यांत त्यातल्या ओळी कमी झाल्या, पण खाना कधी रिकामा गेला नाही. चौथ्या वर्षी मी तिला विचारले, आता तो गेला का?

"जातोय कुठं," ती म्हणाली. "पन आता त्याला बी कळलंय. मी थांब म्हनते म्हंजी जायाची न्हाई."

तिने आवाज बंद केले नाहीत आणि मीही केले नाहीत. असे औषध आमच्या कपाटात नव्हते. ती मुलीला वाढवत होती, एवढे माझ्या रजिस्टरात लिहिण्याजोगे होते आणि मी लिहिले.

लोकांना वाटते, त्या दिवशी मी हुशारीने चूक पकडली. तसे नाही. चूक मीच केली होती, आणि मुन्शींनी कागद नुसता पुढे सरकवला असता तर मी सही करून मोकळी झाले असते. वॉर्डात दोन बाळंतिणी होत्या आणि मला घाई होती. पण कागद मोठ्याने वाचून दाखवायची त्यांना सवय होती. त्या सवयीवर सगळे निभावले. तेव्हापासून मी पडद्याआडचे उत्तर ते कोणाला दिले हे पाहिल्याशिवाय पलीकडे पोचवत नाही, आणि कोणत्याही कागदावर तो मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही करत नाही. नव्या नर्सेसना याचा कंटाळा येतो. येऊ द्यावा.